पाण्याबाहेरचे हरेश्वरकाका

जेवताना हरेश्वरकाकांनी मूठ छातीवर धरली आणि माझा पुण्याचा मित्र हातातला घास टाकून डॉक्टर आणायला पळाला. काकांना फक्त एवढंच सांगायचं होतं, की कालवण संपत आलंय.

काका आमचे खारदांड्यातले शेजारी. पाठीवर हवेची टाकी बांधून गोदीतल्या जहाजांचे तळ तपासायचे. पाण्याखाली जोडीदाराशी बोलणं हातांनीच. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी उरली. ती भाषा त्यांनी घरीही आणली. मी तेव्हा युनियनची पत्रकं वाटत फिरायचो. गप्प बसणं मला गुन्हाच वाटायचा. "काका, गोदीतल्या अन्यायावर तोंड उघडा!" म्हटलं, की ते तळहात दाखवायचे: थांब.

जनाकाकींचं उलट. त्या मासे विकायला बसल्या, की त्यांची हाक बसस्टॉपपर्यंत जायची. त्या आवाजावरच टोपली रिकामी व्हायची. नवऱ्यावरही डाफरायच्या, "घरात काय पानी भरलंय? तोंडानं बोल ना!"

आणि काकींच्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील, याची खात्री डॉक्टर देईनात.

काका रोज त्यांना खुणा शिकवायला बसले. हात गळ्यासमोरून आडवा फिरवला: हवा संपली. "ही खूण दिसली, की आपल्या तोंडातली नळी काढून जोडीदाराला द्यायची. विचार करत बसायचं नाय."

"मला आत्तापासूनच मुकी करतोस काय रे?" काकी उठून जायच्या.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा काका बाकावर आपले हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मी खिशातल्या पत्रकाची घडी घालत, उलगडत होतो.

काकींना बाहेर आणलं. काकांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला: ठीक आहेस? उत्तर नाही. पुन्हा गोल. काकांचा चेहरा उतरला. पाण्याखाली उत्तर न देणारा माणूस संकटात असतो. मग काकींनी हात उचलला आणि बँडेजसमोरून सावकाश आडवा फिरवला.

काही दिवसांनी बाजारात गेलो. काकी आपल्या जागेवर, गळ्याला फडकं, ओठ घट्ट मिटलेले. बोटांनी भाव दाखवत होत्या. शेजारी पाटावर हरेश्वरकाका, घामाघूम, घसा बसेपर्यंत ओरडत होते.

"भाऊ, कमी करा ना," एक बाई म्हणाली.

काकींनी बोट हलवलं.

काका अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असे गरजले, "जनी बोलते, नाय परवडत!"