छत्रीवाल्या बाईंची सुट्टी

शलाका राहते त्या शहरात पुतळ्यांना वर्षातून एक संध्याकाळ सुट्टी असते आणि तेवढा वेळ त्यांच्या जागी पहिल्यांदाच आलेल्या पर्यटकाने उभं राहायचं असतं. मला हे तिथे पोचल्यावर कळलं. आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस, असं शलाकाचं म्हणणं. ते खरं आहे.

शलाका माझी हॉस्टेलमधली रूममेट. नोकरीसाठी परदेशी गेल्यापासून ‘ये की गं’ म्हणून मागे लागली होती, शेवटी मी कराडहून गेले. आम्ही नदीवरचे पूल पाहिले. उंच मनोरा पाहिला, मी खालूनच. संग्रहालयात एका रखवालदाराला मी मेणाचा समजले आणि तो खोकल्यावर किंचाळले. शेवटच्या संध्याकाळी नाचाच्या क्लबात जायचं ठरलं होतं. त्यासाठी मी आईला न दाखवता एक काळा ड्रेस आणला होता. नेमका त्याच संध्याकाळी माझा नंबर लागला.

मला मिळाल्या त्या मोठ्या चौकातल्या छत्रीवाल्या बाई. ब्राँझच्या, उजव्या हातात उघडी छत्री. त्या कोण होत्या हे आता शहरात कोणाला आठवत नाही. चौकाच्या अधिकाऱ्यांनी, निळ्या टोपीच्या एका गंभीर गृहस्थांनी, शलाकामार्फत मला नियम सांगितले. बदली माणूस हलला की चौकातली घंटा वाजते. घंटा वाजली की पुतळा असेल तिथून त्या क्षणी चौथऱ्यावर परत येतो, आणि त्या वर्षाची सुट्टी संपते. गेल्या वर्षीच्या पर्यटकाला शिंक आली तेव्हा बाई समोरच्या बेकरीच्या दारापर्यंतच पोचल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी तर त्या खाली उतरत होत्या. बाईंनी ती बेकरी अजून आतून पाहिलेली नाही, असं सांगून अधिकाऱ्यांनी माझ्याकडे आशेने पाहिलं.

मी म्हटलं, मी दचकते.

किती, असं त्यांनी विचारलं. ही कुकरच्या शिट्टीलाही दचकते, असं शलाकाने सांगितलं. त्यांना कुकर समजावून द्यावा लागला. थोडा विचार करून ते म्हणाले की चौकात कुकर नाही.

बाई खाली उतरल्या आणि छत्री माझ्या हातात दिली. चौकात सगळीकडचे लोक येतात, त्यामुळे त्यांना मराठी येत होतं, पण ते सहलीतल्या लोकांचं. “जरा इकडे सरका, हां, आता हसा,” असं म्हणत त्यांनी मला नीट उभं केलं. पुतळ्याला शहर दाखवायचं ते बदली माणसाच्या सोबत्याने, अशी तिथली पद्धत आहे. शलाका तयारच होती. माझा काळा ड्रेस बाईंना बसला नाही, म्हणून त्यांनी नुसता स्कार्फ घेतला.

निघताना त्या चौथऱ्यापाशी थांबल्या, माझ्या तोंडून काही ऐकायचं असल्यासारख्या. बाहेर निघालेल्या माणसाला आपण म्हणतो तेच मी म्हटलं.

“सावकाश या. काही घाई नाही.”

शलाकाने कपाळावर हात मारला. अधिकाऱ्यांनी टोपी काढली. सुट्टी नावाला एका संध्याकाळची; खरी किती वेळाची हे निरोपाच्या शब्दांवरून ठरतं. पर्यटक बहुधा ‘लवकर या’ म्हणतात. ‘सावकाश’ आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

“नक्की?” बाईंनी विचारलं.

समोर उभ्या माणसाला दिलेला शब्द परत कसा घेणार? “हो हो,” मी म्हटलं, “अगदी आरामात.”

त्या गेल्या. मी उभी राहिले. क्लबातलं संगीत चौकापर्यंत येत होतं. एक कबुतर छत्रीवर बसलं, मग खांद्यावर. नाशिककडचं एक जोडपं फोटो काढून गेलं. पुतळा छान आहे, पण चेहरा जरा घाबरट केलाय, असं त्या काकूंचं मत पडलं.

उन्हं वर आल्यावर शलाका सँडल हातात घेऊन एकटीच आली. बाई खूप नाचल्या होत्या. मग बेकरी उघडेपर्यंत थांबून आत गेल्या आणि काचेच्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. केक खाताना त्यांनी विचारलं की ही मुलगी कुठली. शलाकाने कराडचं वर्णन केलं, आणि बोलण्याच्या ओघात कृष्णा-कोयनेच्या संगमाचंही केलं. ते पाहायचंच असं बाईंनी ठरवलं. माझं तिकीट होतंच. विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं. बाईंना कोणी काही विचारलं नाही.

“केतके, उतर हवं तर,” शलाका म्हणाली. “घंटा वाजेल, त्या येतील परत. विमानात खिडकी मागून घेतलीय त्यांनी, एवढंच.”

ते शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं होतं. मी तिला ओळखते. बाई आत्ता ढगांकडे बघत असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी हलले नाही.

आता शलाका रोज ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत येते, छत्री पुसते, घरी फोन लावते आणि माझ्या कानाशी धरते. आई खूश आहे. पाहुण्या ताठ बसतात, पानात काही टाकत नाहीत, संगमावर तर तासभर जागच्या हलल्या नाहीत. रोज निघते म्हणतात, पण आईच राहवून घेते.

“ती बोलत का नाही गं?” काल आईने विचारलं.

“ऐकतेय, काकू,” शलाका म्हणाली.

फोनमध्ये आईच्या मागून बाईंचा आवाज आला. बरेच दिवस झाले, पोरगी तिकडे ताटकळली असेल, आज रात्रीच्या गाडीने निघते, असं त्या म्हणत होत्या. मी श्वास रोखला.

“अहो, निघताय कुठं एवढ्यात?” आई म्हणाली. “भात लावलाय. जेवल्याशिवाय मी सोडायची नाही. आणि उद्या शनिवार, शनिवारी कुठं जातात होय?”

तेवढ्यात थेट माझ्या कानात कुकरची शिट्टी झाली. शलाकाने डोळे मिटले. अधिकारी घंटेकडे पाहू लागले. खांद्यावरचं कबुतर उडालं.

मी हलले नाही.

मग दुसरी झाली.

“अजून एक होऊ दे,” आई बाईंना सांगत होती, “मग वाढते.”