मन्मथअप्पांचा ब्राझीलचा पाऊस

"पडला! पडला रे पडला! पाऊस पडला!"

गावच्या शेतकी सोसायटीच्या पायरीवर उभे राहून मन्मथअप्पा असे ओरडले की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली ती थेट केजला जाऊन बसली. युसूफ वडगावात पोळ्यापासून थेंब नव्हता. बाया घागरी घेऊन बाहेर धावल्या, म्हातारी माणसं धोतर सावरत अंगणात आली. वर बघतात तर आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख.

"अप्पा, कुठं पडला म्हणलात?"

"ब्राझीलमधी! मेलो बे आपण आता!"

बायांनी अप्पांकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यावर गावजेवणाच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या.

मी सोसायटीत खताच्या पावत्या फाडायचो आणि अप्पा मापाडी. चाळीस वर्षं काट्यापाशी उभं राहून माणूस वाकतो. अप्पा डावीकडं कलले होते, काट्यासारखेच. पोतं बघून सांगायचे, "ह्यात किलोभर माती हाय." एका लग्नात नवरदेवाला बघून म्हणाले, "ओला हाय. वाळल्यावर चार किलो घटंल." घटला.

पण त्यांचा खरा नाद परदेशी पावसाचा. सोसायटीच्या दारात खताचे भाव लिहायचा फळा होता. खत येईना म्हणून तो रिकामा, आणि रिकामी जागा अप्पांना बघवत नसे. रोज सकाळी मोबाइलवर बातम्या ऐकून ते खडूनं लिहायचे : 'ब्राझील : बरा. अर्जेंटिना : रिमझिम. वडगाव : न्हाई.' एकदा तहसीलच्या कुणा घाईतल्या साहेबानं फळा वाचूनच पावसाचा अहवाल लिहिला. अर्जेंटिनाची रिमझिम वडगावच्या नावावर लागली आणि आमचा टँकर आठ दिवस बंद राहिला. गाव अप्पांना शोधत होतं. अप्पा कपिलधारला देवदर्शनाला गेलते.

"अप्पा, आपला पाऊस सोडून त्यांचा कावून मोजता?" मी एकदा विचारलं.

"आरं सुधाकर, दुनिया म्हंजी एकच काटा हाय बे. तिकडं सोयाबीन लई पिकलं की त्याचं तेल जहाजात बसून हिकडं येतं. तेल स्वस्त झालं की आपला गिरणीवाला आपल्या पोत्याकडं बघतबी न्हाई. तिकडलं पारडं खाली, हिकडलं वर. आन तिकडं दुष्काळ पडला, की मग बघ आपलं वजन!"

म्हणून हा देवभोळा माणूस रोज अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ब्राझीलचं वाटोळं मागायचा. मनापासून, उपाशीपोटी.

त्याला कारण होतं. आदल्या दुष्काळात अप्पा आपल्या हरण्या बैलाला घेऊन पाली गावाकडच्या चारा छावणीत राहिले होते. चार महिने बैलाच्या शेजारी झोपले. लोक सांगतात, बैल घोरायला लागला तो अप्पांमुळंच. छावणी उठली, चारा संपला, अप्पांनी हरण्या बाजारात नेऊन विकला. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. फक्त दर बाजाराला बैलांच्या रांगेत जायचे, एखाद्याचे दात बघायचे आणि परत यायचे. यंदा सोसायटीच्या गोदामात त्यांची बावीस पोती सोयाबीन होती. भाव चढला की बैल घ्यायचा, एवढा एकच बेत.

पुढं तिकडचा पाऊस दोन सरी देऊन गायब झाला. माघात बातमी आली, ब्राझील करपलं. अप्पांनी गावात गूळ वाटला. फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात 'ब्राझील : न्हाई' लिहिलं की अर्जेंटिनाला जागा उरली नाही. भाव खरोखरच चढायला लागला. लोकांनी पोती काढली, विकली. अप्पा म्हणाले, "थांबा बे, आजून पंधरा दिस तिकडं कोरडं राहू द्या." बाजारात त्यांनी बैल हेरून ठेवला होता, शिंगं हुबेहूब हरण्यासारखी. मालक होळीपर्यंत थांबायला तयार होता. हरण्याचं जुनं दावं अप्पांनी तेल लावून खुंटीला अडकवलं.

अशात एक दिवस त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. तिकडचं तळं भेगाळलेलं. बरगड्या निघालेली गुरं. टोपी घातलेला एक म्हातारा बसलेल्या गाईच्या तोंडापाशी बादली धरून उभा, आणि गाय तोंड उघडत नव्हती. अप्पांनी ते तीनदा बघितलं.

"छावणी न्हाई का बे तिकडं?"

"मला काय माहीत, अप्पा."

त्या दिवशी फळा कोरा राहिला.

दुसऱ्या दुपारी ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळातून गुरवाचा आरडाओरडा ऐकू आला. पाऊस दडी मारतो तेव्हा आमच्याकडं महादेव कोंडतात. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला चिखलाचा बांध घालायचा आणि पिंड पाण्यात बुडवायची. देवाचा जीव घुसमटला की तो पाऊस सोडतो. पण हे काम श्रावणातलं. आणि इथं फाल्गुनात अप्पा चिखलानं बरबटलेल्या हातांनी टँकरचं, स्वतःच्या वाट्याचं पाणी पिंडीवर ओतत होते. अर्धी पिंड बुडाली होती.

"रानात हरभरा काढून पडलाय, अप्पा!" गुरव कपाळ बडवत होता. "आता पाऊस आला म्हंजी गाव मला बुडवंल!"

"हिकडं न्हाई येत. पत्ता सांगितलाय देवाला."

"कुठला पत्ता?"

"ब्राझीलचा."

गुरव तिथंच मटकन बसला. देवळातलं त्याचं सगळं शिक्षण वाया गेल्यासारखा दिसत होता. मी अप्पांच्या जवळ गेलो. बाहेर दोन घागरी राहिल्या होत्या, त्यांचं घरचं शेवटचं पाणी.

"अप्पा, तिकडं पाऊस झाला तर भाव उतरंल. बैलाचं काय?"

"उतरंल," अप्पा म्हणाले. "ती घागर दे हिकडं."