शेवटच्या नावाचा मान

पेपरवर नावं कोणत्या क्रमानं घालायची, हा काय प्रश्न आहे? चहा गार व्हायच्या आत सोडवून दाखवतो, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि का सांगू नये? मी संख्याशास्त्रज्ञ माणूस! हजारो रुग्णांचे आकडे ओळीत उभे करतो, तिथे पाच लेखकांची काय कथा!

हा पेपर, म्हणजे शोधनिबंध, आमच्या इस्पितळाच्या ओपीडीवर होता. केसपेपर काढून, बाकावर ताटकळून, डॉक्टरांना न भेटताच माणसं घरी का जातात? हे शोधून काढलं माझ्या वहिनीनं. ती तिथेच नर्स. ड्यूटी संपली की ती बाकावर रुग्णांशेजारी जाऊन बसायची आणि त्यांना बोलतं करायची. दादा गेल्यावर दोन्ही पोरं तिनं या नोकरीवर वाढवली. आता मात्र गुडघ्यांनी संप पुकारला होता, वॉर्डात उभं राहवत नव्हतं. नर्सिंग कॉलेजात शिकवायची एक जागा निघाली होती, बसून करायचं काम. अट एवढीच की निदान एका पेपरवर पहिलं नाव उमेदवाराचं हवं.

पहिलं नाव वहिनीचं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. घोळ झाला तो बाकीच्या चौघांचा. विभागप्रमुख सर्जनसाहेब, समाजशास्त्राच्या बाई, अर्थशास्त्राचे सर आणि आकडेमोडीला मी.

आधी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, तुमचं नाव शेवटी."

साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणता! डॉक्टर मंडळींत शेवटचं नाव म्हणजे घरातला कर्ता पुरुष. साहेबांनी स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. मी तो पिऊन तसाच बाईंकडे गेलो.

"साहेबांना शेवटी टाकलंत?" बाई ताडकन उठल्या. "अहो, आमच्यात लिंबूटिंबूला तिथे बसवतात! ज्यानं सगळ्यात कमी काम केलं तो शेवटचा. एवढ्या मोठ्या माणसाचा असा पाणउतारा?"

"बाई, डॉक्टरांत तो मान समजतात."

"मला शिकवू नका!" आणि मी हां हां म्हणेपर्यंत फोन लावलासुद्धा. "साहेब, तुम्ही दुसरे या. शेवटची जागा मी घेते. मला काही कमीपणा वाटत नाही."

केवढा तो त्याग! पण साहेबांना त्यात एकच ऐकू आलं, की बाईंचा त्यांच्या गादीवर डोळा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओपीडीच्या दारातच गाठलं.

"विभाग माझा, रुग्ण माझे, आणि शेवटचं नाव त्या बाईंचं?" साहेब एवढ्यांदा गरजले, की बाकावरची दोन माणसं गुपचूप उठून घरी गेली. म्हणजे आमच्याच अभ्यासात भर!

अर्थशास्त्राचे सर तेवढे शांत होते. "यात भांडण्यासारखं आहे काय? आमच्यात आडनावाच्या अक्षरानं नावं लागतात. क्रम बिघडला की लोक समजतात, आत मारामारी झाली."

"मारामारी झालीच आहे, सर!"

"मग ती बाहेर कशाला कळायला हवी?"

सरांचं आडनाव 'अ'वरून. वर्णमालेवर त्यांचा एवढा जीव का, ते मला तेव्हा उमगलं.

महिने असेच चालले. एका संध्याकाळी वहिनी गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाली, "भावोजी, अर्जाची मुदत संपत आली हो. आपल्या पेपरात काय निघालंय, आठवतंय ना? आपला नंबर येणार की नाही, हे कोणी सांगतच नाही, म्हणून माणसं उठून जातात."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

शेवटी सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि माझा तोडगा मांडला. पहिली वहिनी, बाकी चौघं वर्णमालेनं. कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही! सरांचा 'अ', बाईंचा 'क', साहेबांचा 'स'.

साहेबांनी डोळे बारीक केले. "शेवटी बाई नाहीत ना?"

"नाही, साहेब. शेवटी मी. आमचं आडनाव 'ह'वरून."

"तुम्ही होय! तुम्हाला कोण धरतंय!"

"आणि त्या जागी तुम्ही शोभता," बाई म्हणाल्या. मी तोही घोट गिळला. पेपर स्वीकारला गेला, वहिनीचा अर्ज मुदतीत पोचला. मी घरात दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडलो.

मुलाखतीला समितीत सगळे डॉक्टर. मी बाहेर बसलो होतो. वहिनी बाहेर आली ती पांढरीफटक.

"काय झालं?"

"पहिलाच प्रश्न, हे तुमच्याच आडनावाचे शेवटचे कोण? मी म्हटलं, धाकटे दीर. सगळे एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, प्रमुख घरचाच असला की पहिलं नाव मिळायला कितीसा वेळ! निकाल राखून ठेवलाय." ती माझ्या शेजारी बाकावर टेकली. "भावोजी, काम मी केलं हो. ते आता कोणाला सांगू?"

मी उठलो. तसाच आत शिरून समितीला वर्णमाला समजावून सांगितली. अध्यक्ष फार सभ्य. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे हो, तुमची वर्णमाला!"

उपाय एकच उरला. माझं नाव काढायचं. पेपर छापायला गेला नव्हता, पण जर्नलला सगळ्या लेखकांची लेखी संमती हवी होती. वहिनी ऐकेना. "आकडे सगळे तुमचे. हे पाप माझ्याकडून नका करवून घेऊ." तिला हातापाया पडून मनवलं. सही करताना ती रडली, आणि खरं सांगायचं तर मीही.

वहिनीला जागा मिळाली. ती आता खुर्चीत बसून शिकवते. नव्या प्रतीवर समितीनं शेवटचं नाव पाहिलं, 'हां, हे आहेत होय प्रमुख!' म्हणाले आणि शिक्का मारला. कारण मी गेल्यावर शेवटी उरले कोण? साहेब!

बाकी तिघांच्या सह्यांना पुन्हा महिने जाणार, अशी मी मनाची तयारी ठेवली होती. पण साहेबांना मान मिळत होता, बाईंना साहेब लिंबूटिंबूच्या जागी बघायला मिळत होते, आणि सरांच्या वर्णमालेला धक्का लागत नव्हता. इतके दिवस ज्यांचं कशावर म्हणून जुळलं नाही, त्यांचं माझ्या बाबतीत जेवणाच्या सुट्टीआधी एकमत झालं! साहेबांनी तर सहीच्या वर स्वतःहून एक शब्द घातला होता, 'आनंदाने'.