टिटवीने आभाळ सोडलं त्याची गोष्ट

एका जंगलात, जिथे झाडी संपून माळ लागतो तिथे, सगुणा नावाची टिटवी राहत होती. ती सदान्‌कदा उताणी पडलेली आणि दोन्ही पाय वर. का? तर आभाळ पडलंच तर झेलायला. हसू नका, मुलांनो. तुमच्या घरीही असं कोणीतरी असतं, फक्त ते खुर्चीत बसून करतं.

अंड्यांवर तिचा नवरा धोंडू बसायचा. "घर मी सांभाळतो, आभाळ ही सांभाळते," असं आल्यागेल्याला सांगायचा. पण बसून बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. काही तर खऱ्याच होत्या.

सगुणाचा सगळा जीव अंड्यांत. अंडी फुटून पिल्लं बाहेर येण्याआधी एकदा तरी त्यांना आपल्या पोटाखाली घ्यावं, एवढंच तिला वाटे. पण पाय खाली घेतले आणि आभाळ नेमकं पिल्लांवरच पडलं तर?

"अगं, हल्ली समुपदेशक असतात. एकदा बोलून तर बघ," धोंडू म्हणाला.

जंगलात असे तिघे होते आणि तिघांत विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. सगुणा जागची हलेना, म्हणून तेच माळावर आले.

पहिलं आलं घुबड. त्याने डोळे मिटून विचारलं, "अंड्यात होतात तेव्हा कसं वाटायचं?"

"अंधार होता."

"आणि आई?"

"वर बसलेली."

"तरी म्हटलं!" घुबड खूश झालं. "बाई, तुम्ही आभाळ नाही, आई पेलताय. सात-आठ वर्षं येत जाईन मी."

"अहो, तोवर मला पतवंडं होतील!"

"त्यांनाही बघू."

मग पोपट आला.

"मला भीती वाटते," सगुणा म्हणाली.

"तुम्हाला भीती वाटते."

"आभाळ पडेल अशी."

"आभाळ पडेल अशी," पोपट इतक्या मायेने म्हणाला की सगुणाला रडूच कोसळलं. रडून बरं वाटलं. पाय मात्र वरच.

शेवटी मुंगूस आला. त्याला मनबिन काही मान्य नव्हतं. पाय खाली आला तर किडा, नाही तर नाही, असा त्याचा रोखठोक उपचार. सगुणा पाय नखभर खाली घ्यायची, किडा गट्ट करायची आणि पाय परत वर. ती चांगली गुटगुटीत झाली. मुंगूस मधूनमधून अंड्यांची चौकशी करायचा. रुग्णाच्या घरच्यांची माहिती हवी ना!

एके दुपारी तिघेही एकदम आले. कुणाची पद्धत श्रेष्ठ, याचा एकदाचा निकाल लावायचा होता. एवढी शिकलेली मंडळी घरात आहेत, असं बघून धोंडू निर्धास्तपणे पाणी प्यायला गेला.

"मुळाशी गेलं पाहिजे!" घुबड ओरडलं.

"तुम्हाला वाटतं, मुळाशी गेलं पाहिजे," पोपट म्हणाला.

"माझंच बोलणं मला ऐकवू नका!"

"चालू द्या, मी ऐकतोय," असं म्हणत मुंगूस हळूच अंड्यांकडे सरकला.

उताण्या सगुणाला तो उलटा दिसला, पण इरादा सुलटच दिसला. तेवढ्यात एका अंड्यातून बारीकसं 'टिव्' ऐकू आलं.

"मेल्या!" सगुणा उसळून उठली, मुंगसाच्या नाकावर चोच हाणली आणि थेट अंड्यांवर बसली. पोटाखाली ऊब लागली. तिला इतका आनंद झाला की पाय कुठे आहेत याचं भानच राहिलं नाही.

"वर्तन बदललं की नाही?" नाक चोळत मुंगूस म्हणाला. "मुद्दामच केला मी प्रयोग."

"छे! आईवरचा राग निघाला," घुबड म्हणालं.

"उत्तर त्यांच्या आतच होतं," पोपट म्हणाला.

इतक्यात वर ढग गडगडला. तिघांनी माना वर केल्या.

"मी आपलं सहज विचारतो," घुबड हळूच म्हणालं. "सगुणाबाई तर बसल्यात. मग आत्ता वरचं कोण धरतंय?"

आधी घुबड उताणं झालं, मग पोपट, मग मुंगूस. तिन्ही पद्धतींचं असं एकमत जंगलात पहिल्यांदाच झालं.

धोंडू परत येऊन बघतो तर बायको अंड्यांवर आणि अंगणात सगळे पाय वर.

"हे काय गं?"

"अहो, हळू बोला," सगुणा कुजबुजली. "मी दोन पायांवर कसंबसं निभावत होते. आता आठ आहेत. पिल्लं उडेपर्यंत काळजी नाही."

तात्पर्य : समुपदेशक निवडताना त्याची पद्धत विचारू नये, पाय मोजावेत.