सुमनबाईंनी लावलेलं दार

सुमनबाई आपल्याच दारात उभ्या होत्या आणि समोर निकिता कॅमेरावाल्याला घेऊन उभी होती. निकिता शेजारच्या धम्मपाल सरांची मुलगी. तिने एक गाणं केलं होतं. त्यात आई मुलीच्या तोंडावर दार लावते आणि मुलगी जिन्यात बसून रडते. रडायला निकिता स्वतःच होती. आई मिळत नव्हती.

"आजी, राग दिसू द्या. तुम्ही तर चहा विचारल्यासारखं बघताय."

"तुझ्यावर कशी रागवू गं? कालच माझं सिलिंडर लावून दिलंस."

"मग दुसरं कुणी आठवा."

सुमनबाईंना कळवणची धाकटी बहीण आठवली. आई गेल्यावर कुसाबाई याच दारात आईचा पितळी सोऱ्या मागायला आली होती. सुमनबाईंनी दार लावून घेतलं होतं. आईमागे थोरलीचं घर हेच तिचं माहेर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पण त्यानंतर नऊ आखाज्या झाल्या, कुसा आली नव्हती.

दार असं आपटलं, की आतलं कॅलेंडर खाली पडलं. कॅमेरावाला म्हणाला, "एक नंबर."

चार दिवसांत गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. आखाजी तोंडावर आलेली. भजनी मंडळाच्या चिमणाबाई आणखी दोघींना घेऊन आल्या.

"सुमनबाई, सणाच्या तोंडावर लेकीला असं घालवतात का?"

"अहो, ती शेजारची निकिता. नाटक आहे ते."

"चेहरा नाटकातला नव्हता. आम्ही थांबवून थांबवून बघितला."

त्यांनी मालेगावला सुमनबाईंच्या लेकीला परस्पर फोनही करून टाकला होता. संध्याकाळी उज्वला बॅग घेऊन हजर.

"सासूबाई विचारतात, आईनं घालवलंय तर आखाजीला जातेस कुणाकडे? आई, ते साडीचं तू मनाला लावून घेतलंस का?"

"कसल्या साडीचं?"

"दिवाळीची. मी नणंदेला दिली ती."

सुमनबाईंना हे आत्ताच कळत होतं. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा, योगेशचा फोन आला.

"आई, गाण्यात मुलगी घेतलीय, पण रोख कळतो मला. येतो मी पुढच्या महिन्यात."

"अरे, तुझ्यावर नाही ते."

"मग कुणावर आहे?"

सुमनबाईंनी फोन ठेवला. त्यांनी चष्मा लावून गाणं पुन्हा पाहिलं. ती दारातली बाई त्यांना स्वतःलाच आवडली नाही.

फोन पुन्हा वाजला.

"आक्का, मी कुसा. ते गाणं माझ्यावर आहे ना?"

सगळ्यांना 'नाही' सांगून सांगून जिभेला तेच वळण पडलं होतं. सुमनबाईंनी ते आवरलं.

"हो."

"वाटलंच. तो चेहरा मी विसरले नाही. पण रडायला ती काडी कशाला घेतली? मी काय अशी दिसते?"

"तुला बोलावलं असतं, तर आली असतीस?"

"बोलावून तर बघायचं होतं." कुसाबाई म्हणाली. "सोऱ्यावर कुरडया चांगल्या होत असतील."

"माळ्यावर पडलाय तो. दाबायला दोघी लागतात. मी बचत गटाच्या आणते."

"आईचा सोऱ्या असताना विकतच्या?"

"मग काय करू?"

"आज गहू भिजत घाल," कुसाबाई म्हणाली. "चौथ्या दिवशी चीक निघेल, तेव्हा मी येते. दार तेवढं उघडं ठेव."

सुमनबाईंनी उज्वलाला गव्हाचा डबा काढायला सांगितला, पदराने डोळे पुसले आणि जाऊन दार सताड उघडलं.

"आई, मावशी चौथ्या दिवशी येणार आहे," उज्वला म्हणाली. "आत्ता नुसते डास येतायत."

"येऊ देत," सुमनबाई म्हणाल्या आणि दाराला पाट लावून ठेवला.