उजव्या पायाचे ठसे

पितळेची एक रिंग उरली. करंगळीच्या नखाएवढी. बापूसो मगदूमांनी ती उजेडात धरून बघितली, खोकं उलटं करून कागदावरचं चित्र बघितलं, मोबाईलवरचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. व्हिडिओतल्या पोराकडं सगळं बसवून झाल्यावर काहीच उरलं नव्हतं.

"जास्तीची दिली आसंल," बापूसो म्हणाले आणि रिंग शर्टाच्या खिशात टाकली.

जास्तीची कोण देतंय? आजकाल भज्यांबरोबर कुणी जास्तीची मिरची देत नाही. पण बापूसोंना सांगणार कोण! तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून रिटायर झालेला माणूस. काटा दाखवेल ते खरं, बाकी सगळं जग खोटं.

गाडी अण्णांची, म्हणजे बापूसोंच्या वडलांची. लाल एटहंड्रेड, कसबा बावड्यात घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये उभी. अण्णा गेल्या श्रावणात गेले. शेवटच्या क्षणी त्यांनी डोळे उघडले, बापूसोंच्या खांद्यावरून पलीकडं दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "ऑइलचं प्रेशर बघत जावा." संपलं. जमिनीबद्दल एक शब्द नाही, पोराबद्दल नाही. दाराकडं बघत होते म्हणजे त्यांना न्यायला आलेलाच कोणीतरी दिसला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं.

वडलांचा शेवटचा शब्द. तो मोडायचा कसा? प्रेशर बघायचं तर गाडीत नुसता एक लाल दिवा. दिव्यावर बापूसोंचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी ऑनलाइन काटा मागवला. इंजिनातून एक बारीक नळी निघते, पत्र्याच्या भोकातून आत येते आणि स्टिअरिंगखालच्या गोल काट्याला जोडली जाते. ऑइल स्वतः चालत येतं आणि काट्याला ढकलतं. सकाळी आठला सुरुवात केली, दीडला काटा बसला. चावी फिरवली. काटा थरथरला आणि तीनवर जाऊन थांबला.

"अगं, बघ की! हालला काटा!"

राजमतीबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "हालला तर हालू दे. चालीवणार कोन?"

आता ह्या घरात हा विषय कुणी काढायचा नसतो. गाडी चालवणारा घरात एकच माणूस होता आणि त्याच्या फोटोला हार घातला होता. बापूसोंनी वीस वर्षांपूर्वी एकदा प्रयत्न केला होता, कंपाउंडची भिंत आडवी झाली होती. तेव्हापासून ते फक्त रविवारी गाडी दोन मिनिटं सुरू करायचे, आवाज ऐकायचे आणि बंद करायचे.

बुधवारी बापूसो दुपारची झोप काढून साडेपाचला उठले आणि सोप्यात येऊन जागच्या जागी थांबले. पांढऱ्या फरशीवर काळा ठसा. अनवाणी पायाचा, ऑइलचा. अंगठा, चार बोटं, सगळं स्पष्ट. पुढं दुसरा. त्याच्यापुढं तिसरा. सगळे उजव्या पायाचे. डावा कुठंच नाही.

पक्षाघातानंतर अण्णांचा डावा पाय शेवटची दोन वर्षं जमिनीला टेकला नव्हता. वॉकर धरून, एका उजव्या पायावर ते घरभर फिरायचे.

ठसे फिकट होत होत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. आत राजमतीबाई भाकरी थापत होत्या.

"कोन आलतं?"

"कोन येनार? मी हाय की हितं."

"मग ह्ये काय?"

राजमतीबाईंनी वाकून फरशीकडं बघितलं. हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"अण्णांचं वाटत्यात," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

घाबरून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मीठ संपलंय म्हणावं तशा म्हणाल्या. बापूसो शेडमध्ये धावले. बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. गरम. घरात परत आले तर अण्णांच्या फोटोखालच्या खिळ्याला गाडीची चावी हलत होती. वारा नव्हता. पंखाही बंद होता.

शेजारचे दत्तोपंत गुरुजी गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीची रीत असते.

"पन गुरुजी, भूत रात्री येतंय की. ह्ये दुपारी कसं?"

"अहो बापूसो, तुमचे अण्णा दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचा नेम. तो माणूस रात्री बाहेर पडेल? त्यांचं जे काय असेल ते उजेडातच उरकणार."

बापूसोंना हे इतकं पटलं की भीती दुप्पट झाली. "पन ठसा ल्हान हाय वो. अण्णांचा पाय नऊ नंबरचा."

दत्तोपंतांनी डोळे मिटून विचार केला. "गेल्यावर माणूस आक्रसतो. लोकरीचा स्वेटर धुतल्यावर आक्रसतो, तसा."

गुरुवारी बापूसो दुपारभर डोळे ताणून जागे बसले. काही आलं नाही. शुक्रवारी डुलकी लागली, ठसे आले. म्हणजे त्याला कळतंय कोण झोपलंय! मग दत्तोपंतांनी खडू आणला. शनिवारी सकाळी पुढच्या चाकाला जमिनीलगत पांढरी रेघ मारली. बापूसो जेवले आणि झोपले. झोपू नये असं ठरवून झोपले. उठून दोघं शेडमध्ये गेले तर रेघ चाकाच्या वरच्या अंगाला.

दोघं बराच वेळ त्या रेघेकडं बघत उभे राहिले. शेडचा पत्रा उन्हानं टकटक वाजत होता. गाडीच्या आत, स्टिअरिंगखाली, ठिप्प असा एक आवाज झाला. थोड्या वेळानं परत. ठिप्प.

"माझं दूध तापत ठेवलंय," दत्तोपंत म्हणाले आणि मागं न बघता गेले.

त्या संध्याकाळी बापूसोंनी ताट पुढं आल्या आल्या सांगून टाकलं. "गाडी इकतोय. मलकापूरचा अमरसिंह म्हनून हाय, जुन्या गाड्या घेतोय. सोमवारी पाचला यील."

राजमतीबाईंच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. "अण्णांची गाडी इकताय?"

"त्यांनी ताबा घेतलाय तिचा!"

"मग ऱ्हाऊ दे की त्यांच्याकडं. तुमचं काय खाईत्यात?"

"माझी झोप खाल्ली! आगं, सोमवारी घरातनं ती भाईर न्हाई गेली तर मी जातोय बघ. वरतीच."

राजमतीबाईंनी पळी आमटीतच सोडली. त्या जेवल्याही नाहीत, आणि मग दिवस मावळलाच.

सोमवारी पावणेपाचला बापूसो आणि दत्तोपंत मोठ्या रस्त्यावरून अमरसिंहला घेऊन आले. जाडजूड माणूस, हातात दोन फोन.

"गाडी कुठाय वो, पावणं?"

शेड रिकामं. जिथं गाडी असायची तिथं जमिनीवर ऑइलचे काळे ठिपके, एका ओळीत, बाहेर रस्त्याकडं गेलेले. बापूसो घरात धावले. खिळ्याला चावी नाही. फोटोतले अण्णा सरळ त्यांच्याकडंच बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. अण्णा वळणावर कायम असाच वाजवायचे.

लाल गाडी वळली. चालण्याच्या वेगानं, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, मागून ऊन घेऊन येत होती. काचेतून आरपार दिसत होतं. स्टिअरिंग डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं, सरळ झालं. सीटवर कुणीच नव्हतं.

"लय लांबनं फोन आलाय," असं म्हणून अमरसिंहनं बंद फोन कानाला लावला आणि चालायला लागला. पाच पावलांवर पळायला लागला. दत्तोपंतांना देव आठवेना, त्यांच्या तोंडून पाढे यायला लागले. "बे एके बे, बे दुणे चार..." बापूसो फाटकाला टेकून उभे होते.

गाडी त्यांच्यासमोरून गेली, भिंतीला न घासता शेडमध्ये शिरली आणि थांबली. इंजिन बंद झालं. दार उघडलं. आतून एक पाय खाली आला. उजवा. अनवाणी. घोट्यापर्यंत काळा.

मग हिरव्या साडीचा काठ आला आणि मागून राजमतीबाई घसरत खाली उतरल्या. उंची चार फूट दहा इंच.

"सीट पुढं सरकंना मेली," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अण्णांनी गंजवून ठेवल्या. पडून चालवावी लागती."

बापूसो फाटक सोडून पुढं आले. "तू? तुला येतीय?"

"अण्णांनी शिकिवलं. तुमी कारखान्यात गेल्यावर, दुपारच्याला. शेजारी बसायचं आनि वरडायचं."

"लायसन?"

"तांदळाच्या डब्यात हाय. चार वरसं झाली."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"भित पाडल्यावर म्हैनाभर गाडीचीच चूक म्हनत हुता तुमी. तुमाला काय सांगू?"

"आनि ठसं?"

"इंजान तापलं की पायावर गळतंय त्ये तुमच्या काट्यातनं, पत्र्याच्या भोकातनं खाली बी. चपली घसरत्यात म्हनून अनवाणी चालीवतो मी. आल्यावर दिवस मावळायच्या आत सैपाक नको? पुसायचं ऱ्हातंय. चावी बी कमरंलाच ऱ्हायली हुती, तुमी शेडकडं पळाल्यावर अडकिवली."

"मग अण्णांचं म्हनलीस की!"

"बरं पडलं. तुमी शेडकडं फिरकंना झालता." राजमतीबाईंनी पदरानं पाय पुसला. आवाज जरा खाली आला. "आज इकनार हुता म्हनून शेवटची फेरी मारून आलो. आनि अण्णांचं त्ये ऑइलचं... त्ये तुमाला न्हवतंच. मी दारात उभारलो हुतो."

दत्तोपंत सोळा दुणे बत्तीसवर थांबले.

बापूसो शेडमध्ये गेले आणि स्टिअरिंगखाली वाकले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि पितळेची रिंग बाहेर काढली. शर्ट मधल्या काळात दोनदा धुतला होता, त्यामुळं रिंग सोन्यासारखी चमकत होती. काट्यामागचा नट सोडवला, रिंग घातली, नट आवळला. दहा मिनिटांचं काम. ठिप्प बंद.

रविवारी चार वाजता राजमतीबाई दोन उशा घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. बापूसो डाव्या बाजूला. ह्या गाडीत बसून ते वीस वर्षांत पहिल्यांदाच शेडबाहेर पडत होते. गाडी उसातल्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस पुरुषभर उंच, मधे कुणी नाही. बापूसो वाकून काट्याकडं बघत होते आणि कारखान्यात वजन सांगावं तसं ओरडत होते. "तीन! तीन! सव्वातीन!"

"कान फुटलं माझं. गप्प बसा की."

बापूसो गप्प बसले. उसाची पानं काचेला सरसर घासत गेली. मग त्यांनी हळूच विचारलं, "अण्णा कुठं बसत हुतं?"

"तुमी बसलाय तितंच."

बापूसो दाराकडं थोडे सरकले. "आनि आता?"

राजमतीबाईंनी वरचा आरसा बोटानं खाली केला, एकदा बघितलं, पुन्हा होता तसा केला.

"मागं," त्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.

बापूसोंनी मान वळवली नाही. काट्यावर नजर रोवली. "साडेतीन," ते म्हणाले, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.