बाबांची ‘अटक’ आणि हत्यारांची पिशवी

“पोलीस नुसतं ‘चला’ म्हणाले, तर कारण विचारता येतं का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून टकळीने शाळेत आलेल्या वकीलबाईंना भर सभेत हे विचारलं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, अटक करताना कारण सांगावंच लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाशी बोलता येतं आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नसते. टाळ्या पडल्या. टकळीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता येऊ दे कुणालाही!

आला. दुपारी ती बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात बसलेली असताना हवालदार आला.

“चला, साहेबांनी बोलावलंय.”

“कारण सांगा!” टकळी गरजली.

हवालदार ओशाळला. “ते तिथंच कळेल.”

झालं! बाबा हत्यारांची पिशवी उचलू लागले, तशी टकळीने ती हिसकावली. कानात बजावलं, की हा पुरावा ठरेल, आणि वकील येईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. बाबा मुळात गरीब गाय. मुकाट जीपमध्ये बसले. टकळीने पिशवी शेजारच्या काकूंच्या घरात लपवली आणि आईला घेऊन ठाणं गाठलं.

साहेब घामाघूम. तिसऱ्यांदा विचारत होते, “अहो, उघडेल की नाही?” बाबा छताकडे बघत होते.

कोठडीच्या कुलपात किल्ली मोडली होती. आतल्या माणसाला सकाळीच जामीन झालेला. बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर त्याचा पट्टा आणि पायाशी चपला ठेवून.

टकळी धावत परतली, तर काकू बाहेर गेलेल्या. दाराला बाबांनीच बसवलेलं कुलूप. ते उघडू शकणारा एकच माणूस, आणि त्याची हत्यारं दाराच्या आत.

काकू दिवेलागणीला आल्या. मग बाबांना दोन मिनिटं पुरली.

माणूस बाहेर आला, चपलांत पाय घालू लागला. टकळीने माफी मागितली, आणि राहवेना म्हणून विचारलं, की तुम्हाला तरी कारण सांगितलं होतं का.

“नाही पोरी. विचारायचं असतं, हे कुणाला ठाऊक?”

बायकोने पट्टा त्याच्या हातात दिला. दोघं निघून गेली.

रात्री सगळे घरी जेवायला बसले. आई एवढंच म्हणाली, की बापाला पढवायच्या आधी अटक झालीय का, ते तरी विचारायचंस.

टकळीने अर्धं ताट सरकवलं.

“मी ठरवलंय. मी वकील होणार. पण बाबा, उद्यापासून आधी मला कुलपं उघडायला शिकवा.”